धनवंताबाईंचा गिलास

तंबूतल्या मंगोल म्हातारीनं चहाची किटली उचलून समोरची वाटी जवळ ओढली, तसा धनवंताबाईंनी पिशवीतून आपला स्टीलचा गिलास काढला आणि खुणेनंच सांगितलं, यात ओत. वरून.

"आई, इथंही?" योगेश्वरी पुटपुटली.

"मंग? त्या वाटीत कोणं काय खाल्लं, मले का मालूम?"

धानाच्या बांध्यांमधलं आपलं गोरेगाव सोडल्यापासून बाईंनी परक्या भांड्याला ओठ लावला नव्हता. लेकीच्या हट्टापायी सत्तराव्या वर्षी त्या मंगोलियात आल्या होत्या. राखीव उद्यानातले डोंगर पाहून झाले, मग तीन दिवस नुसतं गवत आणि आभाळ. जीपमध्ये हाडं खिळखिळी झाल्यावर आज या मेंढपाळांच्या गोल तंबूत टेकल्या होत्या.

म्हातारीनं गिलास दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि सुनेला जवळ बोलावून काही सांगू लागली. वाटाड्यानं ते इंग्रजीत सांगितलं. योगेश्वरीनं आईकडे पाहिलं.

"काय म्हणून राहिली वो ते?"

"म्हणतात, आमचे जुने लोकही प्रवासात आपली वाटी सोबत ठेवत. यजमानाला त्रास नको म्हणून. सुनेला सांगतायत, बघ, चांगल्या घरची बाई अशी असते."

बाईंनी मान खाली घातली.

चाळीस वर्षं धानाच्या रोवणीला येणाऱ्या देवकाबाईचा कप त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. चहा वरून ओतायचा. लहानग्या योगेश्वरीनं एकदा तो उचलून स्वयंपाकघरात आणला, तर देवकाबाईच धावत आली होती. "दे वो पोरी, तुही माय रागवन." आणि बाईंनी गावभर तिचं कौतुक केलं होतं, गोंडाची असून किती समजदार म्हणून.

"सांगू का त्यांना खरं?" योगेश्वरीनं हळूच विचारलं.

"नोको." बाई म्हणाल्या, "तिले म्हण, मले तिच्याच वाटीत दे."

निरोप पोचला. म्हातारी हसली, मान हलवली आणि गिलासच काठोकाठ भरला.

"म्हणतात, तसं कसं? तुमच्या घराण्याचं भांडं आहे. त्याचा मान राखला पाहिजे."

गिलास भाजत होता. बाईंनी तो पदरात धरला. खारट, दुधाळ वाफ तोंडावर आली. सून समोर येऊन बसली होती, चांगल्या घरची बाई चहा कसा पिते ते बघत.