नावे कापलेले रीळ

जवळ येताना नाक दाबून या, मित्रांनो. मी चित्रपटाचे एक जुने रीळ आहे आणि माझ्या पत्र्याच्या डब्यातून आता आंबूस वास येतो. फिल्म कुजू लागली की असेच होते.

माझ्यात बारा मिनिटांचा मूकपट आहे. दोन लहान बहिणी वाळत घातलेल्या चादरींआडून लपाछपी खेळतात, एवढेच. पण लोक पोट धरून हसायचे. आमच्या चित्रपटगृहाचा ऑपरेटर हौशी होता. यंत्रावर चढवण्याआधी मला मऊ फडक्याने पुसायचा. एकदा चित्रपटाचे आणि तो बनवणाऱ्यांचे नाव असलेली माझी सुरुवातीची पट्टी यंत्रात अडकून फाटली. त्याने ती सरळ कात्रीने उडवली.

"नावं कोण वाचतंय? लोक गंमत बघायला येतात!" तो म्हणाला. मलाही ते पटले. मूर्ख मी!

चित्रपटगृह बंद पडले. कित्येक वर्षे अडगळीत काढल्यावर मी एका संग्रहालयातल्या बाईंच्या हाती लागले. त्यांनी मला संगणकात उतरवून संकेतस्थळावर ठेवले. तिसऱ्याच दिवशी एका आजींचा फोन आला. त्यांच्या मुलीने मला शोधले होते. चित्रातली थोरली बहीण म्हणजे त्याच.

"धाकटी त्याच वर्षी गेली हो. तिचा एक फोटोसुद्धा नाही. रविवारी मुलगी येऊन मला हे चित्र दाखवणार आहे."

शुक्रवारी एका कंपनीचे पत्र आले. एका जुन्या स्टुडिओच्या सगळ्या चित्रपटांचे हक्क आमच्याकडे आहेत, हाही त्यातलाच असणार, संकेतस्थळावरून काढून टाका. बाईंनी मला काढले आणि परवानगी मागितली. कंपनीने विचारले, चित्रपटाचे नाव काय? बाईंना ते ठाऊक नव्हते. आजींना आठवेना, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. नावाशिवाय कंपनी होही म्हणेना आणि हक्कही सोडेना.

"निदान आजींना तरी दाखवू या," बाईंनी संग्रहालयाच्या साहेबांना विनवले.

"वाद मिटेपर्यंत कुणालाच नाही," साहेब म्हणाले.

आजी दर रविवारी फोन करत. "मिटलं का हो?"

"अजून नाही, आजी."

अशी चार वर्षे गेली. मित्रांनो, जुने काही जपायचे असेल तर आधी त्यावरची नावे जपा. मला हे फार उशिरा कळले.

गेल्या रविवारी फोन मुलीने केला. "आईला आता काहीच दिसत नाही. तरी विचार म्हणाली."

"अजून नाही," बाई म्हणाल्या. उद्या वाद मिटला तरी आजींना ऐकवण्यासारखा एक शब्दही माझ्यात नाही.