उजव्या मूत्रपिंडावरची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. पण मला डोक्यावर शोधू नका! मी मनस्विनीच्या उजव्या मूत्रपिंडावर बसते. तिकोनी, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. पुस्तकात मला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डाव्या मूत्रपिंडावर माझी बहीण असते. मनस्विनी जन्मायच्या आधीपासून आम्ही दोघी कामावर आहोत आणि अजून कुणी साधी शाबासकीही दिलेली नाही.

आमचा मालक मेंदू. त्याला धोका दिसला की निरोप दोन वाटांनी येतो. पहिला मज्जातंतूंवरून, तडक. तो पोचायचा अवकाश, मी ॲड्रेनलिन रक्तात सोडते आणि हृदय दौडू लागतं. दुसरा निरोप सावकाश येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस मटाराएवढ्या पीयूषिका ग्रंथीला सांगतो, ती रक्तातून मला कळवते, आणि मी कॉर्टिसॉल पाठवते. ते अंगाला साखर पुरवतं. खरी गंमत पुढेच आहे. तेच कॉर्टिसॉल मेंदूपाशी जाऊन सांगतं, 'पुरे आता.' मग निरोप थांबतात आणि मी निवांत होते.

माझा सगळ्यात मोठा पराक्रम पोळ्याचा! मनस्विनी तेव्हा लहान होती. हिमायतनगरजवळच्या तिच्या गावात वेशीवर बैल जमले होते. फटाका वाजला, एक बैल बिथरला आणि शिंगं खाली घालून थेट तिच्याकडे आला. निरोप आला, मी सगळं ओतलं! एरवी पायरी उतरताना हात मागणारी ही पोर बाभळीची काटेरी कुपाटी ओलांडून पलीकडे गेली. सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. माझं नाव कुणी काढलं नाही. पण थोड्या वेळात तिची धडधड थांबली, तिने पोटभर पुरणपोळी खाल्ली, आणि मला तेवढं पुरलं.

पुढे ती डॉक्टर व्हायचं ठरवून नीटच्या तयारीसाठी लातूरला आली. इथे दर रविवारी क्लासची चाचणी असते आणि गुण थेट घरच्या मोबाइलवर जातात. तिचे वडील लिंबाजी शेतकरी माणूस, मुलीवर जीव. मेसेज आला की लगेच त्यांचा फोन यायचा. "किती पडले? नंबर खाली का आला?" हळूहळू ते रोजच विचारू लागले. मोबाइल वाजला की मेंदूला बैल दिसायचा आणि मी धावायचे. फरक एवढाच की हा बैल जातच नव्हता. मेंदू 'पुरे' ऐकेनासा झाला. माझं कॉर्टिसॉल, जे तिला वाचवायचं, तेच तिची झोप आणि भूक खाऊ लागलं. पाठ केलेलं ऐन वेळी आठवेना. मित्रांनो, मला फार वाईट वाटायचं, पण निरोप आल्यावर मी थांबू कशी?

परीक्षा तोंडावर आली आणि ती फोनवर वडिलांपाशी रडली. "बापू, छातीत धडधड होऊन राहिली. मी पेपरला बसत न्हाई. मला घरी न्या."

लिंबाजी लाडवांचा डबा घेऊन लातूरला आले आणि तिला तडक दवाखान्यात घेऊन गेले. आमच्याकडे अशक्तपणा म्हटलं की एकच औषध. "डॉक्टरीणबाई, पोरीला एक सलाईन लावा. ताकद आली की पेपरला बसती."

डॉक्टर प्रियदर्शनींनी तिला नीट तपासलं आणि हसल्या. "सलाईन कशाला? ताकद हाय की अंगात. हिला भीती कसली वाटते, ते सांगा."

"भीती? ही लई धीट हाय!" म्हणत लिंबाजींनी पोळ्याची गोष्ट रंगवून सांगितली.

डॉक्टर म्हणाल्या, "मग तेव्हा जी धडधड कामी आली, तीच ही. तो बैल निघून गेला. तुमचा फोन मात्र रोज येऊन राहिला."

लिंबाजींनी लाडवांचा डबा मांडीवरून खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजी... बैल मीच व्हय?"

मनस्विनीला रडता रडता हसू फुटलं. डॉक्टरांनी तिला माझी जागा दाखवली, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी ओळख करून दिली! घरी नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

परीक्षेच्या दिवशी पहिलाच प्रश्न अडला आणि तिचे हात गार पडले. निरोप आला. मी उठले. तेवढ्यात तिने कमरेच्या वर, पाठीवर तळहात ठेवला आणि पुटपुटली, "आलीस का? बस, मिळून सोडवू." मग लांब श्वास सोडला. मित्रांनो, मी हुरळून गेले! लागेल तेवढंच ॲड्रेनलिन दिलं, आणि तिचं पेन सरसर चालू लागलं. जीवशास्त्रात माझ्यावर एकही प्रश्न नव्हता. असू दे.

ती बाहेर आली. मोबाइल मैत्रिणीच्या आईकडे होता, तो हातात घेतला आणि तेवढ्यात वाजला. बापू! मी सवयीनं कंबर कसली.

"आगं, चंद्री म्हशीला वगार झाली! कपाळावर चांद हाय. तू जेवलीस का?"

ती वाट बघत राहिली. मीही. पुढचा प्रश्न आलाच नाही.

"बापू, तुमी काहीच विचारीत न्हाई?"

"न्हाई माय. विचारलं की बैल व्हतो मी."

ती रस्त्यातच खळखळून हसली आणि मग आपणहून पेपर सांगत बसली, पहिल्या प्रश्नापासून. फोन चालू होता आणि निरोप येत नव्हता. कितीतरी महिन्यांनी मी टेकले.

मित्रांनो, बैल समोर आला तर मला हक्कानं बोलवा. मी येईन. पण तो गेल्यावर मलाही घरी जाऊ द्या. आणि तुमच्या घरात कुणाला 'किती पडले?' विचारावंसं वाटलंच, तर त्यांना सांगा, आधी 'जेवलीस का?' विचारा.