थोरलीची चाल चुकली तेव्हा

मित्रांनो, कुरणाच्या फाटकाला टांगलेली ही काळवंडलेली म्हातारी घंटा म्हणजे मी. उगाच हलवून पळू नका. माझी जीभ लोखंडाची आहे, लागते. शाळेतली घंटा माझी लांबची बहीण; मी मात्र शाळेचं तोंड पाहिलं नाही. मला एकच धडा येतो आणि तो फार महाग पडला आहे.

ओताऱ्याने मला पितळेतून ओतलं, कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, "हिला चारचौघींत मान मिळेल." तसंच झालं. मालकीणबाईंनी मला थोरलीच्या गळ्यात बांधलं. थोरली ही कळपातली पुढची गाय. कळप तिच्यामागे चालतो, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे! चालायचा तो माझ्या आवाजामागे.

मालकीणबाई करारी बाई. त्यांच्या घरी ताटात घास उरत नसे आणि कुरणात काडी. एका तुकड्यातलं गवत मुळापर्यंत संपल्याशिवाय पुढच्या तुकड्याचं फाटक उघडायचं नाही, हा त्यांचा नेम. तळ्याकाठच्या तुकड्याचा त्यांना भारी अभिमान. भर उन्हाळ्यातही तो हिरवागार, एकाही पात्याला कीड नाही.

"किडेसुद्धा मला वचकून असतात," असं त्या म्हणत.

त्या वर्षी थोरली गाभण होती. तळ्याकाठचं गवत चरून चरून जमिनीलगत आलं, तरी पुढचं फाटक उघडलं नाही. थोरली बुडखे हुंगायची, मान वर करायची आणि फाटकाकडे बघत राहायची.

"आई, थोरली खात नाहीये," सूनबाई म्हणाली.

"लाडावलीय, तुझ्यासारखीच. पोटात कावळे ओरडले की खाईल मुकाट."

ओरडले. तिने खाल्लं.

पुढे माझा ताल बिघडला. संथ, सारखी वाजणारी मी मध्येच थांबू लागले, मध्येच घाईने बडबडू लागले. थोरलीची मान थरथरत होती, मागचे पाय एकमेकांत अडकत होते. कपडे वाळत घालणारी सूनबाई हातातलं ओलं लुगडं तसंच धरून थबकली.

"आई, घंटा ऐका. झिंगल्यासारखी वाजतेय."

"खुरात खडा गेला असेल. आता घंटाही तूच मला शिकव!"

संध्याकाळी मालकीणबाई स्वतः गुरं आणायला आल्या. थोरली तळ्याच्या काठावर उभी होती, हलेना. त्यांनी नेहमीसारखी खणखणीत टाळी वाजवली. "चला, महाराणी!"

थोरली दचकली. तिचे चारही पाय लाकडासारखे ताठ झाले आणि ती पाण्यात कोसळली. पाणी गुडघाभरच होतं. धडधाकट गाय सहज उठली असती. माझ्या तोंडात पाणी शिरलं, मी मुकी झाले. मालकीणबाई तशाच पाण्यात उतरल्या, तिचं डोकं वर धरायला धडपडल्या, सुनेला हाका मारत राहिल्या. दोघींनी मिळून ओढलं, पण थोरली गेली. पोटातल्या वासरासकट गेली.

गुरांच्या डॉक्टरांनी गवत तपासायला पाठवलं आणि मग सांगितलं, "या गवताच्या आत बुरशी राहते. वरून दिसत नाही. तिच्या विषामुळेच कीड फिरकत नाही. ते विष बुडख्यात जास्त असतं आणि तुम्ही नेमके बुडखेच खाऊ घातलेत. बाकीच्या गुरांना दुसऱ्या कुरणात हळूहळू न्या. हाकलू नका, ओरडू नका, पाण्यापासून लांब ठेवा. सावरतील."

"आणि थोरली? मी टाळी वाजवली नसती तर?"

डॉक्टर म्हणाले, "कदाचित सावरली असती."

त्यानंतर मालकीणबाईंनी टाळी वाजवली नाही. मला दुसऱ्या गाईच्या गळ्यात बांधू दिलं नाही, फाटकावर टांगलं. आता त्या रोज कण्हत खाली बसतात, गवतात मूठ टेकवतात. गवत मुठीएवढं उरलं की फाटक उघडतात.

मित्रांनो, मुकं जनावर घास नाकारतं तेव्हा त्याला लाडावलेलं म्हणू नका. त्याला बोलता येत नाही, पण त्याची चाल बोलते. ती ऐका.

फाटक उघडताना मालकीणबाई मला एकदाच, अलगद वाजवतात. मग सुनेकडे वळून विचारतात, "नीट वाजली ना गं?"

सूनबाई कान देऊन ऐकते. ती हो म्हणेपर्यंत त्या गुरांना पुढे सोडत नाहीत.