शिक्क्यातलं टिंब

आमचे हे नव्या अक्षरांना म्हातारं करतात. तोच त्यांचा धंदा. रबरी शिक्का घाईत मारला की अक्षर कसं उमटतं, कुठे शाई साचलेली, कुठे काहीच नाही, तसे फॉन्ट हे कॉम्प्युटरवर बनवतात. कॉफीच्या पाकिटांवर, टी-शर्टांवर, रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर ती अक्षरं झळकतात. नवीकोरी वस्तू जुनी दिसलेली लोकांना का आवडते, मला आजवर कळलेलं नाही. मी जुनी झाले त्याचं कुणी कौतुक केल्याचं आठवत नाही.

पण कामात हे भलतेच काटेकोर. एका शब्दात दोन 'र' आले आणि दोघांना एकाच जागी ओरखडा असला तर सोंग उघडं पडतं, म्हणून प्रत्येक अक्षराची निरनिराळी रूपं करतात. अक्षर स्क्रीनवर ताटाएवढं मोठं करून एकेक चरा हाताने पाडतात.

लेकीने लग्नाचं काढलं तेव्हाची गोष्ट. मुलगा फरशा बसवतो. तिच्या ऑफिसात फरशी बदलायला आला होता, तिथेच जुळलं. हातात कसब आहे, हाताखाली चार माणसं आहेत. पण ह्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "मजूर?" लेक भरल्या ताटावरून उठली. पुढे कित्येक दिवस ह्यांचे निरोप तिला आणि तिचे ह्यांना पोचवत मी घरभर फिरत होते. शेवटी हे म्हणाले, "करा तुम्हाला काय करायचं ते." आम्ही तोच होकार मानला. माझा होकार कुणी विचारलाच नव्हता, तो धरूनच चालतात.

लेकीने मात्र तो होकार मानला नव्हता, हे मला नंतर कळलं. लग्नाचं कार्ड तिने स्वतःच जुळवलं, कचेरीतल्या अर्जासारखं. वर तिचं नाव, खाली त्याचं. मग ह्यांना म्हणाली, "बाबा, त्याच्या नावावर तिरका शिक्का हवाय. लाल. 'मंजूर'. तुझ्या अक्षरात." ह्यांनी मान डोलावली. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

त्या एका शब्दापायी ह्यांचे किती चहा गार झाले, विचारू नका. रविवारी सकाळी ह्यांनी लेकीला हाक मारली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. शिक्का सुरेख उमटला होता. कडेला फिका, मधे गडद, शिरोरेषा तुटकतुटक. मी "वा" म्हणणार, तोवर लेकीचा चेहरा उतरला.

"बाबा, वाच."

"मंजूर."

"नीट वाच."

हे वाकले, मीही वाकले. 'म'वरचं टिंब नव्हतं. होणाऱ्या जावयाच्या नावावर लाल शाईत तिरकं लिहिलं होतं, 'मजूर'.

"अगं, शिक्का झिजला की असंच होतं," हे घाईघाईने म्हणाले. "बारीक तुकडा आधी जातो."

"गेला की घालवलास?"

मलाही राहवलं नाही. "एकेक चरा हाताने पाडता ना? मग टिंब काय आपल्या पायांनी चालत गेलं?"

ह्यांनी चष्मा काढला. "मी 'मंजूर'च वाचत होतो गं. शपथ. पुसलं मीच असणार, पण कधी, ते आठवत नाही."

लेक रडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "टिंब परत लावणं एका क्लिकचं काम आहे. मला ते नकोय. तुला मंजूर आहे का, तेवढं सांग."

हो म्हणा आणि सुटा, मी मनातल्या मनात ह्यांना सांगत होते.

"नाही," हे म्हणाले. "अजून नाही. मुलगा चांगला आहे, दिसतंय मला. पण जावई काय करतो असं कुणी विचारलं की माझी जीभ अडते. लाज वाटते. आणि लाज वाटते याचीही लाज वाटते."

मग त्यांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून अख्खा शिक्काच पुसून टाकला. "न मारलेले शिक्के मारल्यासारखे दाखवूनच मी पोट भरलंय. तुझ्या कार्डावर ते करणार नाही."

मला असा संताप आला! पोटच्या पोरीला एक शब्द देताना या माणसाचा हात आखडावा? पण लेकीने खुर्ची ओढली आणि ह्यांच्या शेजारी बसली. कित्येक दिवसांत ती अशी बसली नव्हती.

"असंच छापू," ती म्हणाली. "लग्नाला येशील ना?"

"येणार म्हणजे काय. त्याच्या शेजारीच उभा राहीन. कुणी विचारलं तर फरशा बसवतो म्हणून सांगेन." ह्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अडखळेन बहुतेक."

"अडखळ," लेक म्हणाली. "पण तूच सांग."