निरोग्याची फुंकर

पेल्यातल्या पाण्यावर सायीसारखी पातळ, पांढरी पापडी धरली होती. दादाने अजून नळीला तोंडही लावलं नव्हतं.

हे फक्त आपल्यालाच दिसलं, असं धाकटीला, त्याच्या बहिणीला, वाटलं. फर्निचरच्या रिकाम्या गोदामात माणसं खच्चून भरली होती आणि सगळ्यांचे डोळे फुंकरबाबाच्या बोटाकडे लागले होते.

"चाळीस वर्षं गवंडीकाम केलंस ना? तो चुना हाडांत मुरलाय. फुंक! बेंबीच्या देठापासून फुंक!"

दादाने फुंकलं. नितळ पाणी बघता बघता दुधासारखं झालं. गोदामभर 'आहाहा' उठलं. वहिनीने रुमालाने डोळे टिपले.

"ही पाचवी. सातवीला पाणी नितळ राहिलं की रोग पळाला! तोवर सुरी नाही, सुई नाही!"

धाकटीच्या जिवाची काहिली झाली. दहा महिने ती दगडावर डोकं आपटत होती. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्याशा ग्रंथी गळ्यात असतात. दादाच्या त्यातल्या एकीवरची गाठ काढली, तेव्हा ती साधी की कर्करोगाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरेना. म्हणून धाकटीच्याच प्रयोगशाळेत गाठीच्या पेशींतला डीएनए मोजला. तो निरोगी पेशींच्या जवळजवळ दीडपट भरला. अशी गाठ उलटायची भीती जास्त. आणि आता कॅल्शियम पुन्हा चढलं होतं, त्याच जागी पुन्हा गाठ दिसत होती. सर्जन दुसऱ्या ऑपरेशनसाठी मागे लागले होते.

"कर्करोगच आहे का, ते सांग," दादा म्हणायचा.

"नुसत्या डीएनएवरून छातीठोक सांगता येत नाही. पण धोका मोठा आहे."

"तुझं 'पण' काही संपत नाही, धाकटे. बाबा बघ, कसं ठणकावून सांगतात!"

खरं बोलणाऱ्याने चाचरावं आणि खोट्याने ठणकावावं, याचाच तिला संताप होता. ती उठली.

"बाबा, आमच्या कामात एक रीत आहे. आजारी पेशी मोजताना शेजारी निरोगी पेशीही मोजायची. नाहीतर दीडपट म्हणजे कशाच्या? तुम्ही तर ठणठणीत आहात. तुम्ही फुंका."

"परीक्षा बघतेस? माझी फुंकर अशी वाया घालवायची नसते!"

"मग मी फुंकते. मी जन्मात गवंड्याची थापी धरलेली नाही."

"फुंकू द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. "फुंकरीने काय छप्पर उडतंय?"

दादाचा पेला भरला होता त्याच बरणीतलं पाणी तिने तीन पेल्यांत ओतलं. एकात फुंकलं. पांढरं. दुसऱ्यात वहिनीने फुंकलं. पांढरं. पुढच्या रांगेतला बसचालक तिसऱ्यात फुंकून म्हणाला, "आयला, म्हणजे मीपण गवंडी?" लोक हसले.

"सगळ्यांच्याच हाडांत विष आहे!" बाबा गरजले.

"मग सातव्या फुंकरीवाल्यांना टेबलाखालच्या निळ्या बरणीतलं पाणी का देता? आल्यापासून बघतेय मी."

बाबाने अडवायच्या आत बसचालकाने ती बरणी ओढली. धाकटी त्यात फुंकत राहिली, फुंकत राहिली. पाणी ढिम्म. नळाचं साधं पाणी!

"प्रत्येकाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो," ती म्हणाली. "पहिल्या पाण्यात चुना विरघळवलाय. दोन्ही भेटले की पांढरा खडू तयार होतो. रोगाचा संबंध नाही, गवंडीकामाचाही नाही."

दादा पुढे झाला. बाबाने पुढच्या रुग्णासाठी भरून ठेवलेल्या पेल्यावरची पापडी त्याने बोटाने उचलली, चिमटीत चोळली.

"चुन्याची निवळी," तो हळूच म्हणाला. "चुना विरवला की वर हेच पाणी राहतं, हीच पापडी धरते. पहिल्याच दिवशी ओळखली होती मी."

"अहो, मग बोलला का नाहीत?" वहिनी कळवळली.

"सुरीची भीती वाटते गं."

धाकटीचा राग कुठल्या कुठे ओसरला, पण गर्दीकडे वळताना आवाज करडाच राहिला. "कुणी चमत्कार दाखवला, तर ज्याला काही झालेलं नाही त्याच्यावरही तोच करून बघा. एवढं केल्याशिवाय कुणाचंही औषध थांबवू नका."

मग ती दादाशेजारी जाऊन बसली. दहा महिने तिनेच बोलून झालं होतं.

दादा गळ्यावरचा जुना व्रण चाचपत राहिला. शेवटी म्हणाला,

"सर्जनना फोन लाव. म्हणावं, ऑपरेशन करा."