ड्रायव्हर महांतेशची समाधी

“उत्तऱ्या, ही लाकडं कशाला रं?” चन्नम्माकाकूंनी विचारलं आणि शाळेच्या मैदानावरचा गलका एकदम थांबला.

उत्तरेश्वर ट्रॉलीवर घामाघूम उभा होता. सीमेवरच्या लढाईत गावचा महांतेश गेल्याची बातमी आली, तेव्हापासून हा गडी कानात वारं शिरलेल्या वासरासारखा धावत होता. थांबला तर रडू येईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कमान त्यानंच उभारली, रस्ता त्यानंच झाडून घेतला आणि टीव्हीवर जवानांना अग्नी देतात म्हणून चिताही रचली. जिवलग दोस्ताचं घर लिंगायताचं, त्यांच्यात मांडी घालून बसवून पुरतात, एवढंच तेवढं डोक्यातून गेलं. उत्साहाला डोळे नसतात, दुसरं काय!

“आमच्यात जाळत न्हाईत, बाबा,” काकू म्हणाल्या. “माझ्या लेकराला बसवायचंय. शेतात, त्याच्या बापाशेजारी. दुसरं काय बी नगं मला.”

“चुकलं, काकू!” उत्तरेश्वरनं खाली उडी टाकली. “आरं, कुदळी आणा! महांतेशला घेऊन गाडी शेजारच्या सास्तूरला आली म्हणं!”

मग काय विचारता! मोटारसायकलींवरून काकूंच्या शेतात कुदळी आल्या, खोरी आली, कधी बांधावरून भांडलेले दोघे एकाच खड्ड्यात उतरले. काठावरून विधी करणारे पंचाक्षरी स्वामी सांगत होते, “चौकोनी घ्या. मांडी घालून बसता आलं पायजे.”

“माझ्याच ट्रॅक्टरवर गाडी चालवायला शिकला बेणं,” उत्तरेश्वर खणता खणता म्हणाला. “पयल्याच दिशी कडब्याच्या गंजीत घातला!”

सगळे हसले. महांतेश फौजेत गेला तोही ट्रकचा ड्रायव्हर म्हणूनच. सुट्टीत कुणी विचारलं, ‘बंदूक चालवतो का?’ की म्हणायचा, ‘म्या न्हाय. पर चालवणाऱ्याची भाकरी म्याच नेतो.’

तेवढ्यात हॉर्न वाजला. “महांतेश अमर रहे!” सगळं शिवार दणाणलं. माणसं अभिमानानं ओरडत होती आणि ओरडता ओरडता रडत होती.

शवपेटीसोबत आलेले सुभेदार काकूंच्या पुढ्यात उभे राहिले. “आई, रस्त्यावर गोळे पडत होते. मी म्हटलं, थांब. तो म्हणाला, वर चौकीत पोरं उपाशी आहेत. रेशन पोचवलं त्यानं. परत येताना गोळा पडला.” मग आवाज खाली आला. “पेटी उघडता येणार नाही, आई.”

स्वामींनी खड्ड्याकडे पाहिलं. चौकोनी, बसत्या माणसाचा. पेटी तर लांबलचक. बसवल्याशिवाय समाधी कशी म्हणायची? काकूंनी सकाळपासून मागितली होती ती हीच एक गोष्ट, आणि तीच आता होणार नव्हती.

काकू पेटीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

“स्वामी,” त्या म्हणाल्या, “गाडीत बसूनच जलम गेला की ह्याचा. सुट्टीला आला तरी भिताडाला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. म्या म्हणायची, आडवा हो की रं. तर म्हणायचा, सवय मोडंल.” त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला. “आता होऊ द्या त्याला आडवा.”

स्वामींनी हातातला भस्माचा गोळा आपल्या कपाळाला लावला. “लांब करा खड्डा,” ते म्हणाले.

उत्तरेश्वर आत उतरला. त्याच्यामागून दोन जवानही उतरले. घोषणा थांबल्या होत्या, नुसता कुदळींचा आवाज येत होता. काकू काठावर बसून पेटीकडे बघत होत्या, खड्ड्याकडे बघत होत्या.

“आजून जरा लांब घे, उत्तऱ्या,” त्या म्हणाल्या. “उंच हाय त्यो. पाय आखडायला नगंत.”