हिचा गेमचा डबा

तीस वर्षं मी लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करतोय. त्यामुळे आमच्या हिचा टीव्हीला जोडलेला गेमचा डबा तापून मधेच बंद पडायला लागला आणि ती म्हणाली, "कुणीतरी चांगला माणूस बघा," तेव्हा माझं डोकं फिरलं. चांगला माणूस तिच्यासमोरच चहा पीत बसला होता.

ही दर रविवारी चार वाजता कानाला माइकवाले हेडफोन लावून मुलीबरोबर खेळते. मुलगी दुसऱ्या शहरात, ही इथे, आणि पडद्यावर दोघींचं मिळून एक शेत. फोनवर त्यांचं 'जेवलीस का, झोपलीस का' एवढंच होतं. मनातलं बाहेर पडतं ते गाईंना चारा घालताना. मागच्या रविवारी, हिनेच मला सांगितलं, मुलगी म्हणाली, "आई, मला घरी यायचंय, पण..." आणि डबा बंद. हिने लगेच फोन केला, तर म्हणे, "काही नाही गं, राहू दे."

त्या 'पण'च्या पुढे मी होतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. मुलगी माझ्याच हाताखाली शिकली, आणि कामात माझ्यापेक्षा सफाईदार निघाली. तिने दुकानाच्या पाटीवर आपलंही नाव मागितलं, तेव्हा मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "बाईच्या हातात कुणी कॉम्प्रेसर देत नाही." त्याला दीड वर्ष झालं. आता ती एका कोल्ड स्टोरेजची अख्खी यंत्रणा सांभाळते आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. ती घरी यावी असं मला रोज वाटतं, पण तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. डबा उघडणं त्या मानाने सोपं होतं.

रविवारी दुपारी ही मैत्रिणीकडे निघाली. "चारपर्यंत येते, तोवर जमलं तर बघा," म्हणाली. 'जमलं तर' मी कानाआड केलं.

प्लग काढला, वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले. झाकण निघालं आणि आत धुळीची गोधडीच. पंखा गरगरू नये म्हणून पात्याला बोट लावून धरलं आणि ब्लोअर मारला. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती स्पिरिटने पुसली, नवी लावली. पाऊण तासात सगळं परत जागच्या जागी, आणि एकही स्क्रू उरला नाही. उगाच नाही लोक मला 'मास्तर' म्हणत.

डबा टीव्हीखालच्या कपाटात ठेवला, दार लावलं आणि चालू केला. चालवून बघितल्याशिवाय मी काम झालं म्हणत नाही, म्हणून हेडफोन चढवले आणि दिसेल ते बटण दाबत सुटलो.

"आई, काय करतेयस? गाय ओढ्यात चाललीये!"

साडेतीनलाच मुलगी हजर.

"आई नाही. मी आहे," मी म्हणालो. "डबा दुरुस्त केलाय. चालवून बघतोय."

पडद्यावरची तिची टोपीवाली बाहुली जागीच थांबली. आता जाईल, मला वाटलं. ती गेली नाही.

"पंखा साफ केलात?"

"केला."

"चिपवरची पेस्ट?"

"नवी. वाटाण्याएवढी."

"वाटाण्याएवढीच ना? तुमचा हात सढळ आहे." मग एकदम, "बाबा, हा घरघर आवाज कसला?"

"पंख्याचा."

"डबा ठेवलाय कुठे?"

मी खाली पाहिलं. "कपाटात."

"आणि कपाटाचं दार?"

काचेचं दार घट्ट लावलेलं होतं. फ्रिजच्या मागे वीतभर जागा सोडा, म्हणून मी तीस वर्षं लोकांना झापत आलोय. खोटं बोलणार होतो, पण ती माझीच शिष्या.

"बंद आहे."

ती खो खो हसली. दीड वर्षात मी ते हसणं ऐकलं नव्हतं. दार सताड उघडलं, आणि दोन मिनिटांत पंखा शांत झाला.

"आता नाही बंद पडायचा," ती म्हणाली.

"मग मागच्या रविवारचं पूर्ण कर. घरी यायचंय, पण काय?"

ती हळूच म्हणाली, "पण मी आले की तुम्ही दुकानात जाऊन बसाल. दिवाळखोर माणसासारखं तोंड लपवून. मला ते बघवत नाही."

"नाही बसणार. मी चुकलो, बाळा. चारचौघांत चुकलो, तर चारचौघांत कबूल करीन. तू ये."

तिच्या बाहुलीने ओढ्यात उतरून गाय बाहेर काढली, आणि मग ती मला कुठल्या बटणाने काय होतं ते शिकवायला लागली. मध्येच कोल्ड स्टोरेजमधल्या एका हट्टी कॉम्प्रेसरचं विचारलं. मी सांगितलं ते तिला पटलं नाही, म्हणून आम्ही वाद घालत बसलो.

चार वाजून गेले. ही दारातून आत आली आणि माझ्या डोक्यावरचे हेडफोन पाहून तिने हात पुढे केला. मी ते काढायला लागलो.

"आई आली का?" कानात आवाज आला. "तिला सांगा, जरा थांब. आमचं बोलणं चाललंय."

मी ते हिला शब्दन् शब्द सांगितलं. ही पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि थांबली.